खुरावरची रेघ

शेवंतीचा पाय उचलायच्या आधी माझी बोटं आपसूक तिच्या घोट्याच्या मागच्या बाजूला जातात. तिथं कातडीखाली सुतळीएवढी एक दोरी हाताला लागते. त्यात एक धमनी असते. एरवी तिची उडी इतकी बारीक असते की शोधावी लागते. कधीकधी मिनिटभर बोट दाबून धरलं तरी काहीच लागत नाही, आणि त्या दिवशी मी निश्चिंत मनाने चहाला जाते. एकदा मात्र ती शोधावी लागली नव्हती. बोट टेकताच ठणठण उडत होती, पिकलेल्या नखुरड्यासारखी. त्याला आता दोन वर्षं होतील. रोज सकाळी तिथं बोट ठेवायची सवय तेव्हापासूनची.

शेवंती ही वरातीची घोडी. पांढरी, नाकाशी गुलाबी, डोळ्यांनी फार समंजस. पुण्यात बारा हंगाम तिने बँडच्या पुढे, फटाक्यांच्या धुरात काढले. तिचा मालक धंदा बंद करत होता. कुणीतरी नीट सांभाळेल असा माणूस तो शोधत होता, म्हणून ती माझ्याकडे आली. फलटणच्या पूर्वेला नीरेच्या उजव्या कालव्यावर माझ्या भावाची शेती आहे, तिथं तिला ठेवली. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. वहिनी म्हणाली, "बिचारीला कुणी पोटभर घातलंच नसेल." आणि आम्ही सगळ्यांनी तिला भरवायचं मनावर घेतलं.

उसाच्या पट्ट्यात भरवायचं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. तोडीच्या दिवसांत बांधावर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या पडलेल्या. त्या झाल्या की भिजवलेला हरभरा. येणाराजाणारा खिशातून गुळाचा खडा काढी. शाळेतून येणारी पोरं तिच्यासाठी उसाचं कांडं राखून ठेवत. होळीपर्यंत तिचं अंग भरलं. पाठीवर मधोमध पन्हळ पडली. मानेवर आयाळीच्या खाली एक जाड, टणक वळकटी आली. "तब्येत काय धरलीय बघा!" असं लोक म्हणत आणि मला धन्य वाटे. ती वळकटी म्हणजे तब्येत नव्हे, धोक्याची खूण आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आणि त्या चार-पाच महिन्यांत ती चालली किती? गोठ्यातून बांधापर्यंत, बांधावरून हौदापर्यंत. इतकंच.

आषाढात बेंदूर आला. आमच्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगतात, गळ्यात घुंगरमाळा येतात, पुरणपोळीचा घास त्यांना भरवतात. शेवंतीला कोण मागे ठेवणार? आमच्या काकूंनी तिला ओवाळलं, कुंकू लावलं आणि दोन पोळ्या भरवल्या. मग शेजारच्या घरून दोन आल्या, वस्तीवरून तीन. पावसाने बांधावर कोवळं लुसलुशीत गवत आलं होतंच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकलेले, मागचे पोटाखाली घेतलेले, सगळा भार मागे रेललेला. तापलेल्या फरशीवर टाच टेकवून उभं राहावं तशी. नाकपुड्या फुललेल्या. खुरांना हात लावला तर उकडत होते. बोलावलेले डॉक्टर गाई-म्हशींचे अनुभवी, पण घोडी त्यांच्याकडे वर्षाकाठी एखादी येत असेल. त्यांना वाटलं, पावसात भिजून गारठली आहे, अंग धरलंय. "फिरवा जरा, मोकळी होईल," म्हणाले.

मला लहानपणचं ते कोडं आठवलं. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? फिरवली नाही म्हणून. आजी तव्यावर भाकरी उलटताना हमखास विचारायची. मी शेवंतीला लगाम लावला आणि खडीच्या रस्त्याने दोन फेऱ्या फिरवली. एकेक पाऊल ती कशी टाकत होती, ते मला अजून झोपेत दिसतं. आजीचं कोडं खरं होतं, पण ते आधीच्या चार महिन्यांसाठी खरं होतं. त्या सकाळी नव्हतं. हा आजार पेटलेला असताना घोडा चालवणं म्हणजे उसवत चाललेल्या शिवणीला हिसके देणं.

संध्याकाळी पुण्यातल्या घोड्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. मी तिच्या उभं राहण्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यांनी तो पुरता पाहिलाही नसेल. "लॅमिनायटिस आहे, खुराच्या आतला दाह. एक पाऊल चालवू नका. बर्फ आणा."

फलटणहून बर्फाच्या लाद्या आल्या. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून भावाने त्यांचे लांब मोजे केले, खालचं तोंड वायरने आवळलं. ते तिच्या पुढच्या पायांत गुडघ्यापर्यंत चढवले आणि फोडलेला बर्फ नि पाणी आत भरलं. वितळला की पुन्हा भरायचा. दोन दिवस, दोन रात्री आणि तिसऱ्या दिवसाचे दोन प्रहर. नुसते पाण्याचे फवारे मारून उपयोग नसतो. पाय सतत, अगदी गोठण्याच्या जवळपास गार ठेवावा लागतो, तोही सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत. उशीर झाला की बर्फाची वेळ टळलेली असते. दुखणं कमी करणारी औषधं डॉक्टरांनी सांगितली ती दिली. खाली नदीची वाळू हातभर ओतली, म्हणजे तळवा सगळीकडून तोलला जाईल आणि तिला हवी तशी टाच खाली रुतवता येईल. पहाटे बर्फ भरताना ती डोकं माझ्या खांद्यावर टेकवून उभी राही. तेवढं एक जड डोकं.

खुराच्या आत काय असतं, ते मी त्यानंतर शिकले.

आपल्याला वाटतं घोडा खुरावर उभा असतो. खरं तर तो खुरात टांगलेला असतो. खुराच्या आत एक हाड आहे, साधारण खुराच्याच आकाराचं. त्या हाडाभोवती जिवंत मांसाचे पातळ पदर उभे असतात आणि खुराच्या भिंतीला आतून तसेच पदर असतात. दोन वह्यांची पानं एकात एक सरकवून दाबावीत तसे ते एकमेकांत गुंतलेले. एका खुरात असे पाचशे-सहाशे मोठे पदर असतात आणि प्रत्येकाला शंभराहून जास्त बारीक झालर. तीनशे किलोची शेवंती धावते, उतरणीवर थांबते, वरातीत नाचते, ते सगळं या गुंतलेल्या पानांच्या जोरावर. ही पकड सुटायला लागली की हाड भिंतीपासून अलग होतं. मागून स्नायूची दोरी त्याला ओढत असते, वरून अंगाचं वजन दाबत असतं. हाडाचं टोक खाली कलतं, तळव्याकडे जातं. अगदी वाईट वेळी तळवा फोडून बाहेर येतं. तिथपर्यंत गेलेल्या घोड्याला बहुतेकदा सुखाने मरू देणं एवढंच उरतं.

खाण्याचा नि खुराचा संबंध काय, हा प्रश्न मलाही पडला होता. गोड आणि पिठूळ खाण्याने रक्तात साखर वाढते, ती आवरायला इन्सुलिन वाढतं. सुटलेल्या, बसून राहिलेल्या घोड्यात ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं आणि वाढलेलंच राहतं. आपल्याकडच्या मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखं. २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक कठोर प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी, सडसडीत तट्टांच्या रक्तात त्यांनी इन्सुलिनचं प्रमाण सतत खूप वर ठेवलं, साखर मात्र वाढू दिली नाही. तीन दिवसांच्या आत त्या तट्टांना हाच खुराचा आजार जडला. म्हणजे गुन्हेगार नुसती साखर नव्हे, तिच्यामागून येणारं इन्सुलिन. त्या मुक्या जनावरांनी जे सोसलं त्यातून हे कळलं, म्हणून ते वाया जाऊ नये असं मला फार वाटतं.

इतरही वाटांनी हा आजार येतो. धान्याचं पोतं फोडून घोडा भरमसाट खातो, तेव्हा आतड्यात विष तयार होऊन खुरात उतरतं. घोडी विते आणि वार तीन तासांत पडत नाही, तेव्हाही तीच भीती, म्हणून वारेची वाट बघत रात्र काढायची नसते. एक पाय मोडलेल्या घोड्याचा दुसरा पाय भार सोसून सोसून जातो. म्हाताऱ्या घोड्यात मेंदूजवळच्या एका ग्रंथीच्या बिघाडानेही होतो. अशा घोड्याची लव उन्हाळ्यातही झडत नाही. पण घरी प्रेमाने पाळलेल्या जनावरांत मी जे जे पाहिलं, ते बहुतेक तोबऱ्यातून आलेलं.

तीन आठवड्यांनी शेवंती वाळूतून उठून हौदापर्यंत आपणहून गेली. एक्स-रे काढला होता, हाड थोडं कललं होतं, फार नाही. मग मी आमच्या नालबंद मामूंना बोलावलं. सत्तरी उलटलेली, हाताची बोटं कानशीसारखीच खरबरीत. त्यांनी आधी पाच मिनिटं नुसतं बघितलं. मग मांडीवर खूर घेतला, तळवा पुसला आणि मला जवळ बोलावलं. तळवा आणि भिंत यांच्या सांध्यावर एक फिकी रेघ असते. चांगल्या खुरात ती दोऱ्याएवढी. शेवंतीच्या खुरात ती बोटभर रुंद ताणली होती आणि तिच्यात जुन्या रक्ताचे तपकिरी ठिपके होते.

"नाल मारायचा का?" मी विचारलं.

"नाल काय औषध हाय व्हय, ताई?" ते म्हणाले. "खूर म्या करत न्हाई. खूर तोबऱ्यात हुतो आन् वाटंवर हुतो. म्या निस्ता वाढल्यालं काढतो."

तेही ते फार बेताने काढत होते. पुढे चोचीसारखा आलेला भाग कानशीने मागे आणला, कड गोल केली, उंच झालेल्या टाचा जरा उतरवल्या. तळव्याला सुरी लावली नाही. आतलं हाड खाली आलेलं असताना तळव्याची एकेक कागदाएवढी जाडीही मोलाची असते. बिननाल खुराच्या नावाखाली तळवा कोरून कोरून रक्त काढणारे व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्यावर विश्वास ठेवू नका, अशी हात जोडून विनंती. मामूंनी तळव्यातल्या त्या मऊ त्रिकोणालाही फारसं छेडलं नाही, फक्त लोंबणारी सालं काढली. तो त्रिकोण जमिनीला टेकून दाबला जाणं खुराच्या रक्ताभिसरणाला लागतं.

नाल वाईट, असं मी म्हणणार नाही. माथेरानला दिवसभर माणसं वाहणारा घोडा, डांबरावर पळणारा टांग्याचा घोडा यांचा खूर वाढतो त्याहून लवकर झिजतो, त्यांना नाल लागतो. तिथले घोडेवाले रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवर घोडे घसरतात म्हणून तक्रार करतात. पायाखालची जमीन कशी आहे यावर खुराचं किती अवलंबून असतं, हे त्यांना पुस्तक न वाचता कळतं. पण बांधून ठेवलेल्या, गूळ खाणाऱ्या घोड्याला नाल मारणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं.

मामूंचं ते "वाटंवर" मात्र माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या भागातून दिवाळीच्या सुमाराला धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. मेंढरांमागून त्यांच्या बुटक्या, काटक घोड्या चालतात. पाठीवर सगळा संसार: भांडी, घोंगड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी वर बसलेलं पोर. हीच ती भीमथडीची तट्टं, ज्यांच्या टापांवर मराठ्यांच्या फौजा फिरल्या, आणि ज्यांना आता कुठे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. त्या वर्षी मी वाड्यातल्या एका बाबांना विचारून त्यांच्या घोडीचा पाय उचलून पाहिला. नाल नाही. खूर आखूड, वाटोळा, कड दगडावर घासून घासून गुळगुळीत. तळवा खोलगट, वहाणेच्या कातड्यासारखा टणक. फिकी रेघ खरोखर दोऱ्याएवढी. "हिचे खूर कोण काढतं?" विचारल्यावर बाबांनी हाताने पुढची वाट दाखवली.

शेवंतीला मी कोकणात नेऊ शकत नव्हते. मग वाटच शेतात आणली. कल्पना माझी नाही. जेमी जॅक्सन नावाच्या अमेरिकेतल्या नालबंदाने १९८० च्या दशकात तिथल्या रानघोड्यांचे खूर नि त्यांची चाल बघत काही वर्षं काढली आणि पुढे सुचवलं की घोड्यांना मोकळं कुरण देण्यापेक्षा कुरणाच्या कडेने गोल वाट द्यावी. त्याच्याही फार आधी, सुमारे २४०० वर्षांपूर्वी, झेनोफन हा ग्रीक सेनानी लिहून गेला की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या मूठभर आकाराचे गोल दगड पसरावेत, म्हणजे घोडा त्यावर उभा राहून आपले खूर घट्ट करील. आम्ही पडीक एकराच्या कडेने दहा फुटांची वाट सोडली, आतलं गवत तारेने बंद केलं. वाटेवर मुरूम टाकला, हौदाभोवती नीरेतले गोटे. पाणी एका टोकाला, वाळलं गवत चार ठिकाणी जाळ्यांत टांगलेलं, मिठाचा खडा दुसऱ्या टोकाला. बिचारीला प्रत्येक घासासाठी चालावं लागतं. पण हे सगळं ती पुरती बरी झाल्यावर. आधी आठ आठवडे वाळू, मग मऊ माती, मग मुरूम.

खाणं आता वजनकाट्यावर. वजनाच्या शेकडा दीड भाग सुकी वैरण, म्हणजे तिला दिवसाला साडेचार किलो, तीन-चार वेळा वाटून. गूळ, वाढे, हरभरा, कोंडा, कोवळं गवत बंद. डोंगरउतारावरचं, बी धरून गेल्यावर कापलेलं वाळकं गवत तिला सगळ्यात बरं. शाळूचा कडबा आपण चांगला म्हणतो तो त्याच्या गोडीमुळेच, म्हणून तो द्यावा लागला तर तासभर पाण्यात भिजवून, ते गोड पाणी ओतून देऊन मगच. उन्हाळ्यात भिजवलेला कडबा लगेच आंबतो, तो ठेवायचा नाही. भिजवल्याने खनिजंही जातात, म्हणून वरून क्षारमिश्रण.

आता चिमीचं सांगते, कारण तिच्याविषयी कुणी लिहीत नाही. चिमी गाढवीण. आमच्या कुंभारदादांकडे ती माती नि विटा वाहायची. त्यांनी टेंपो घेतला आणि तिला शेवंतीच्या सोबतीला आणून दिलं. तिचे पुढचे खूर मोजडीच्या टोकासारखे वर वळले होते. गाढव मूळचं कोरड्या, दगडाळ मुलखातलं. त्याचा खूर घोड्यापेक्षा उभट, अरुंद, ओल चटकन शोषणारा. चिखलात नि मुताच्या ओलीत उभं ठेवलं की तो आतून सडतो. आणि गाढव दुखणं दाखवत नाही. शेवंतीसारखं पाय पुढे टाकून उभं राहणार नाही, लंगडणारसुद्धा नाही. फक्त जरा जास्त वेळ बसेल, वळताना सावकाश वळेल, हाक मारल्यावर कान उशिरा फिरवील. चिमीला त्या पहिल्या पावसाळ्यात असंच झालं होतं, आणि मला ते चौथ्या दिवशी उमगलं. तेही कुंभारदादांमुळे. ते तिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, ही गप हाय." गाढव गप्पच असतं असं मी समजत होते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. गाढव लठ्ठ झालं म्हणून त्याला उपाशी ठेवायचं नाही, कधीच. खाणं तुटलं की अंगावरची चरबी रक्तात उतरते, यकृत भरून जातं आणि जनावर काही दिवसांत मरतं. खाणं कमी नव्हे, हलकं करायचं. गव्हाचं स्वच्छ काड, वाळकं गवत, आणि चालायला वाट.

पौष पौर्णिमेला कुंभारदादांबरोबर मी जेजुरीच्या गाढवांच्या बाजाराला गेले होते. गडाखालच्या मैदानात शेकडो जनावरं, गावठी आणि उंच काठेवाडी. गिऱ्हाईक येतं, गाढवाचा जबडा उघडतं. दुवान, चौवान, अखंड, असा दातांवर भाव ठरतो. दिवसभर मी बघत होते. खूर उचलून पाहणारा माणूस मला एकच दिसला, एक म्हातारा. त्याने चारही पाय पाहिले, एका खुरावर अंगठ्याने टकटक केली, ऐकलं आणि न घेता पुढे गेला. मला त्याच्या मागे जाऊन बोलायचं होतं, पण गर्दीत तो दिसेनासा झाला.

बेंदराच्या त्या आजाराची खूण शेवंतीच्या खुरावर उमटली होती. केसांच्या कडेशी, खुराच्या अगदी वर एक आडवी खोल रेघ. खूर महिन्याला सुमारे आठ-नऊ मिलिमीटर वाढतो, तशी ती खाली सरकते. मी दर अमावस्येला शिंप्याची टेप लावून ती मोजायची आणि गोठ्याच्या खांबावर खडूने लिहायची. दिवाळीत ती दोन बोटं खाली आली होती, आणि तिच्या वरचा नवा खूर वेगळ्याच कोनात, सरळ, घट्ट उतरत होता. संक्रांतीला मामूंनी तळव्याची फिकी रेघ दाखवली. अर्ध्यावर आली होती. होळीला शेवंती मुरमावर दुडकी चालली.

पुढच्या बेंदराच्या आदल्या दिवशी मामू आले. रेघ जमिनीला टेकली होती. त्यांनी कानस फिरवली आणि पुढच्या उजव्या खुराचा तेवढा तुकडा, चंद्रकोरीएवढा, निघून मातीत पडला. मी तो उचलणार, तोवर आमच्या कुत्र्याने तो तोंडात धरून बाभळीखाली नेला.

दुसऱ्या दिवशी काकू ताट घेऊन आल्या. बैलांना ओवाळलं, पोळी भरवली. मग शेवंतीपुढे आल्या, तिला कुंकू लावलं. ताटात एक पोळी उरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोळी पदराखाली झाकली, जाळीतून मूठभर वाळकं गवत उपसलं आणि तिच्या तोंडाशी धरलं.

"खा गं बाई," म्हणाल्या.